देठाजवळचं हिरवं

सप्टेंबर सरत आला की क्लेमेंट यापच्या घरी टपालाने पानं येऊ लागत. ओकची, बर्चची, हेझलची, कुणाच्या तरी कुंपणावरच्या हॉथॉर्नची; चहाच्या रिकाम्या डब्यांतून, वर्तमानपत्राच्या घड्यांतून, एकदा तर कुणीतरी स्वतःच्या लग्नाच्या केकच्या खोक्यातून पाठवलेली. प्रत्येक पानावर एखादी पांढुरकी नागमोडी रेघ, नाहीतर फोडासारखा उंचवटा, नाहीतर नुसताच चट्टा. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालींच्या मध्ये राहून आतला गर खात खात पुढे सरकणारी नागअळी तांदळाच्या कणीएवढी, आणि तिचा पुढे होणारा पतंग त्याहूनही किरकोळ, खिडकीच्या काचेवर बसला तर धूळ समजून पुसून टाकावा असा. अख्ख्या हेरफर्डशायरमध्ये या पतंगांच्या नोंदी ठेवणारा माणूस एकच होता, आणि क्लेमेंटने हो म्हटल्याशिवाय कुणाचंही पान जिल्ह्याच्या यादीत चढत नसे.

आणि क्लेमेंट सहसा हो म्हणत नसे. पान खिडकीच्या उजेडासमोर धरायचं, भिंगातून बघायचं, अंडं पानाच्या वरच्या अंगाला घातलं होतं की खालच्या, अळीची विष्ठा मधोमध दोऱ्यासारखी पडलीय की विखुरलीय, अळी बाहेर कुठून पडली, हे सगळं निरखायचं, मग हो नाही आणि नाहीही नाही अशी मान हलवायची आणि म्हणायचं, "असेलही. पण पाळून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही." पाळून पाहणं म्हणजे अळीसकट ते पान डबीत ठेवायचं आणि त्यातून पतंग बाहेर येईपर्यंत, म्हणजे पार पुढच्या वसंतापर्यंत, थांबायचं. त्याची बायको फ्रेडा हे वाक्य ऐकून इतकी विटली होती की शेजारणीने एकदा केक कसा झालाय म्हणून विचारलं, तेव्हा तिच्याच तोंडून निघून गेलं, "पाळून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही." क्लेमेंट त्यावर आठवडाभर हसत होता. लग्नाला हो म्हणायलासुद्धा याने दोन उन्हाळे घेतले, असं ती चारचौघांत सांगे. ते खोटं होतं. दोन उन्हाळे तिने घेतले होते.

अशा या क्लेमेंटला गेल्या हिवाळ्यापासून विसर पडत चालला. आधी किल्ल्या गेल्या, मग गावातले रस्ते, मग मुलीचं नाव, आणि एप्रिलमधल्या एका सकाळी लापशीचा चमचा तोंडाशी नेता नेता तो थांबला, समोर बसलेल्या फ्रेडाकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, "तुम्ही इथंच राहता का?" तेव्हापासून ती 'तुम्ही' झाली. पगारी नर्सशी बोलावं तसं तो तिच्याशी बोले. दर वेळी आभार मानी, कधी आवाज चढवत नसे, आणि तेच तिला सोसत नसे. त्याने पूर्वीसारखं चिडावं, बूट कुठे ठेवलेस म्हणून खेकसावं, काहीही करावं, पण एकदा, दोघांपैकी कुणीतरी मरायच्या आत एकदा, आपल्याला नावाने हाक मारावी. तिचं देवाकडे दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

मुलगी जूडिथ ब्रिस्टलला असे. ती फोनवर स्पष्ट बोलायची. "आई, तू त्यांना उचलणार कशी? स्वतःकडे आरशात बघ जरा. लेमस्टरला चांगली जागा आहे, बागेकडची खोली मिळतेय, दिवसरात्र माणसं हाताशी. आणि घर काय गरम ठेवलंय म्हणून सांगू! बाबा तिथे सुखात राहतील."

"आणि मी?"

"तू बसने जा रोज. कोण अडवतंय?"

फ्रेडा फोन ठेवून द्यायची. जूडिथ चुकीचं काही बोलत नाही हे तिला कळायचं, म्हणून तिला जास्तच राग यायचा.

सप्टेंबरात पानं आली तेव्हा ती परत पाठवायची, 'क्लेमेंट आजारी आहेत' असं कळवायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. पण एका दुपारी त्याला खुर्चीत बसवून केस विंचरताना, नुसता वेळ जावा म्हणून, तिने बर्चचं एक पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं. आपल्याआपण खिडकीकडे वळून उजेडासमोर धरलं. आणि ज्या माणसाला चहाला चहा म्हणणं जमत नव्हतं, त्याने त्या पतंगाचं लॅटिन नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न अडखळता, म्हटलं. फ्रेडाच्या हातातली फणी खाली पडली. तिने तश्शीच धावत जाऊन जूडिथला फोन लावला आणि रडत रडत ओरडली, "अगं, तो आहे! तो आत आहे अजून!"

त्या एका पानावर तिने पुढचे दोन महिने काढले. ती रोज कुंपणाकुंपणाने, चर्चच्या आवारातून, लग नदीच्या काठाने हिंडून पानं आणी, टपालातली उघडी, आणि दुपारी त्याच्यापुढे एकेक ठेवी. तो नावं सांगे, ती चिठ्ठ्या चिकटवी. रविवारी गॅरेथ येऊन त्या नोंदी संगणकावर चढवून टाकी. गॅरेथ शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. चाळिशीचा, अंगाने भरलेला, बडबड्या माणूस, क्लेमेंटच्या हाताखाली पतंग शिकलेला.

"क्लेमेंट, एकाला तरी नाही म्हणा हो," तो आल्या आल्या सुरू व्हायचा. "सगळ्यांची पानं पास केलीत तर जिल्ह्यात अब्रू जाईल तुमची. लोक म्हणतील, म्हातारा मवाळ झाला."

सगळे हसत. फ्रेडाही हसे. पण एका रविवारी गॅरेथ हसता हसता मध्येच थांबला आणि स्वयंपाकघरात तिच्या मागे येऊन, टोस्टला लोणी लावत, हलक्या आवाजात म्हणाला, "फ्रेडा, एक विचारू? ते हल्ली थांबत नाहीत. तुमच्या लक्षात आलंय?"

"थांबत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे ते, पाळून पाहिल्याशिवाय वगैरे. या ओकच्या पानांत सहा जाती अशा आहेत की अळीने पोखरलेल्या नुसत्या बोगद्यावरून ओळखणं कुणाच्या बापाला जमणार नाही. त्यांनीच शिकवलंय मला हे. आणि आता बघावं तर पान हातात घेतलं की नाव तयार. भिंगसुद्धा लावत नाहीत. सप्टेंबरात पहिल्यांदा आलेल्यांपैकी, हिवाळ्याआधीच पतंग होणाऱ्या चार अळ्या पाळल्या होत्या मी, मुद्दाम, पडताळायला. चारही पतंग तेच निघाले."

"मग बरोबरच आहे की."

"बरोबर आहे हो. तेच म्हणतोय मी."

फ्रेडाने टोस्ट त्याच्या हातातून काढून घेतला, कारण तो एकाच जागी लोणी फासत राहिला होता. तो गेल्यावर मात्र तिला नीट बसवेना. तिच्याही लक्षात आलं होतं, फक्त तिने तिकडे पाहिलं नव्हतं. क्लेमेंट हल्ली पान डोळ्यांनी पाहायचाच नाही फारसा. अंगठा पानाच्या मागून फिरवायचा आणि बोलायला लागायचा. नावापुढेही बोलायचा, आणि ते पूर्वी कधीच नव्हतं. "इथं शिरेपाशी कडू लागलं, म्हणून वळली." "इथं थंडी पडली. थांबावं लागलं." एकदा हेझलच्या पानावर बोट ठेवून तो म्हणाला, "ही आहे असं दिसतं. पण ही नाही. हिला खाऊन आत दुसरंच कोणी बसलंय." अळी चांगली धडधाकट, गरगरीत दिसत होती. गॅरेथने ते पान डबीत घालून घरी नेलं, आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यातून पतंग न निघता सुईच्या टोकाएवढी काळी गांधीलमाशी निघाली. ती डबी दाखवायला तो आडवारी आला होता.

"सांगितलं कशावरून पण त्यांनी?" तो दारातच म्हणाला. "बाहेरून कळायचा मार्गच नाही. फ्रेडा, खरं सांगतो, मला जरा कसंसंच झालं."

"चाळीस वर्षं पानंच बघतोय तो," फ्रेडा एकदम तुटक बोलली. "तुला नाही कळलं म्हणून कुणालाच कळू नये का?" गॅरेथ ओशाळला, आणि तिला त्याची दया आली. पण तिने त्याला चहा विचारला नाही.

आणखी एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. क्लेमेंटला अंघोळ घालताना तिला ते दिसलं होतं. अंगाची कातडी सगळी सुकत चालली होती, पिवळट, कागदासारखी, कोपरांवर आणि पाठीवर भेगाळलेली; कितीही मलम चोळलं तरी रात्रीतून पुन्हा कोरडी. पण मानेच्या मागे, जिथे कवटी संपून मान सुरू होते तिथे, तळहाताएवढा एक भाग तसा नव्हता. तो मऊ होता. गुलाबी होता, ऊबदार होता, आणि त्यावर जे केस येत होते ते पांढरे नव्हते, तपकिरी होते; त्याच्या लग्नातल्या फोटोतल्यासारखे तपकिरी. पहिल्यांदा दिसलं तेव्हा फ्रेडा हातातला स्पंज तसाच धरून उभी राहिली आणि मग, घरात तिसरं कुणी नसतानाही इकडेतिकडे बघून, तिने तिथे ओठ टेकले. नव्या नवरीसारखी ती लाजली. त्यानंतर रोज ती तिथले केस हळूच विंचरी, आणि रोज ते थोडे वाढलेले असत. नर्स आठवड्यातून एकदा यायची, तीसुद्धा म्हणाली, "किती छान ठेवलीय हो तुम्ही मान. बाकीच्यांना तिथे जखमा होतात."

नोव्हेंबर लागला तसा क्लेमेंट थोडं थोडं मागू लागला. मागण्या साध्याच होत्या. "तुम्ही ती गरम पेटी बंद कराल का?" म्हणून तिने खोलीतला हीटर बंद केला. "खिडकी थोडी उघडता का, आभारी आहे." खिडकी उघडी राहू लागली. उजेड डोळ्यांना नको, म्हणून अर्धा पडदा ओढला. मग मानेला ओला टॉवेल. तो वाळला की तो अस्वस्थ होई, बोटं चाळवू लागे, म्हणून ती दर थोड्या वेळाने टॉवेल भिजवून, पिळून, त्या मऊ भागावर ठेवी. तो समाधानाने डोळे मिटे. आपण त्याच्या उपयोगी पडतोय या आनंदात ती दोन स्वेटर आणि वर त्याचा जुना कोट घालून त्याच्याशेजारी कुडकुडत बसे, आणि खोकला लागला तर तोंडावर रुमाल धरी.

जूडिथ आली ती नेमकी अशा वेळी.

"हे काय आहे?" ती दारातूनच म्हणाली. "बाबांना फ्रीजमध्ये ठेवलंयस?"

"त्याला असंच आवडतं."

"आणि तुला? तुझी छाती वाजतेय, आई, मला इथवर ऐकू येतंय. त्यांच्या आधी तूच जाशील!" मग तिने कोट न काढताच वडिलांच्या पायाशी बसून त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, मी कोण?"

क्लेमेंटने तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं. "तुम्ही पानं आणलीत का?"

जूडिथने हात सोडला. स्वयंपाकघरात येऊन ती रडली आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "शनिवारी गाडी घेऊन येते मी. खोली रिकामी झालीय. तू पानापानांचं सांगतेस, मान्य आहे मला. पण माणूस म्हणजे काय पानं ओळखणं? माझं जाऊ दे, त्यांनी तुला एकदा नुसतं नावाने हाक मारलेली मला ऐकू दे, मी पुन्हा शब्द काढणार नाही. बोल, मारतात हाक?"

फ्रेडा कपबशा विसळत राहिली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर गॅरेथ आला. गांधीलमाशीच्या वेळचं तिचं तुटक बोलणं तो विसरला होता, किंवा विसरल्यासारखं दाखवत होता. हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि चेहऱ्यावर शाळकरी पोराचा आनंद. "बघा तरी काय मिळालंय! ओढ्याच्या वरच्या अंगाला, अ‍ॅस्पेनच्या झाडांखाली, अख्खा गालिचा पडलाय." त्याने क्लेमेंटच्या मांडीवरच्या पंचावर ती पानं पसरली. पडून दिवस झालेली, पिवळी पडून तपकिरीकडे झुकलेली, मेलेली पानं. पण प्रत्येकाच्या देठाजवळ, शिरा फुटतात तिथे, एक हिरवा ठिपका होता. नुकत्या फुटलेल्या पालवीसारखा ताजा, ओला हिरवा.

फ्रेडा तेव्हा आत टॉवेल भिजवत होती. अ‍ॅस्पेनची पानं तिला नवी नव्हती. दर वर्षी क्लेमेंट ती नवशिक्यांना दाखवी, आणि तो कंटाळला की तीच समजावून सांगे.

"यांना ठेवायचं कसं, क्लेमेंट?" गॅरेथ विचारत होता. "गेल्या वर्षीची सगळी वाळून गेली माझी."

"थंड जागा," क्लेमेंटचा आवाज आला, स्वच्छ, न अडखळता. "ऊब अजिबात नको. हवा खेळती पाहिजे. उजेड नको. आणि देठापाशी ओल. कापड चालेल, शेवाळ चालेल, पण ते वाळू द्यायचं नाही. वाळलं की संपलं."

"बापरे, म्हणजे रोज बघायला हवं."

"कुणीतरी बघणारं लागतं."

फ्रेडा दारात उभी होती. तिच्या हातातल्या टॉवेलमधून पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"कमालच आहे पण," गॅरेथ पान उजेडाकडे धरून म्हणाला. "झाडावरून पडलं, सगळं पान मेलं, आणि एवढाच तुकडा टवटवीत. त्या पानाला वाटत असेल, आपण जिवंत आहोत अजून."

"पानाला काही वाटत नाही," क्लेमेंट म्हणाला. "पान केव्हाच संपलं. ते हिरवं पानाचं नाही."

"ते माहितीय हो. आतली अळी ठेवते ते तसं, स्वतःचं खाणं पुरं होईपर्यंत." गॅरेथ हसला आणि पिशवी आवरू लागला. क्लेमेंट हसला नाही. त्याने मान किंचित पुढे वाकवली आणि ओल्या टॉवेलची वाट पाहत तो तसाच बसून राहिला.

फ्रेडाने त्या दिवशी टॉवेल ठेवला. गॅरेथला दारापर्यंत पोचवलं, गाडी जपून चालव म्हणाली. मग स्वयंपाकघरात येऊन ती खुर्चीवर बसली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला. चर्चच्या हॉलमध्ये, पंधरावीस बायकापोरांपुढे, पान उंच धरून ती किती वेळा म्हणाली होती: बघा हं, नवी माणसं इथे हमखास फसतात, हिरवं दिसलं की पान जगलंय असं समजतात. असं ती हसत हसत सांगायची. आणि स्वतः दोन महिने तेच करून बसली होती. रोज ओल दिली होती, रोज विंचरलं होतं, ओठ टेकले होते. तिला भडभडून आलं.

शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर तिने क्लेमेंटच्या खोलीची खिडकी लावून घेतली. पडदा पूर्ण बाजूला सरकवला, हीटर लावला, आणि मानेवरचा टॉवेल काढून न्हाणीघरात टाकून दिला. ती काय करतेय याला तिने मनातसुद्धा नाव दिलं नाही. नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत हीटर लावणं याला कुणी काही म्हणेल का? कुणीही लावेल. जूडिथ तर शाबासकी देईल.

खोली तापायला वेळ लागला. मग काचांवर वाफ धरली आणि फ्रेडाने कोट काढला, मग एक स्वेटर, मग दुसरा. किती दिवसांनी तिच्या पायांत धग आली. मग क्लेमेंटची बोटं चाळवू लागली. "टॉवेल," तो म्हणाला, "जरा टॉवेल देता का?" ती खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसून राहिली. "आभारी आहे," तो म्हणाला, जणू तिने दिलाच होता, आणि पुन्हा, "टॉवेल देता का?" असं पुष्कळ वेळा झालं. नंतर ते थांबलं.

बाहेर उजेड कमी होत आला तेव्हा ती उठून त्याच्या मागे गेली. मानेवरच्या त्या भागाच्या कडा पिवळट पडल्या होत्या आणि आक्रसत चालल्या होत्या. तिने फणी लावली, तर तपकिरी केसांचा पुंजका फणीत आला; ओढावंही लागलं नाही. तिने दिवा लावला, पुढे येऊन त्याच्यासमोर बसली आणि टेबलावरचं बर्चचं एक पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं. उलटंसुलटं केलं. उजेडासमोर धरलं, पण फार वर नेता आलं नाही, हात खाली आला. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. खालचा ओठ ओघळला होता. आणि त्या रिकाम्या, थकल्याभागल्या चेहऱ्याने त्याने हो नाही आणि नाहीही नाही अशी मान हलवली.

फ्रेडाच्या तोंडून हुंदका फुटला. हा होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा हा तिच्यासमोर बसला होता, तिचा क्लेमेंट, सगळं विसरलेला, सगळं संपलेला, कशाबद्दलच खात्री नसलेला. त्याला ती कोण हे माहीत नव्हतं आणि ते आता कधीही माहीत होणार नव्हतं. तिने त्याचा सुकलेला हात दोन्ही हातांत घेतला. "झोप आता," ती म्हणाली, "झोप हं. मी आहे इथं." त्याचे डोळे मिटत आले. श्वास लांब लांब पडू लागला. तिला भीती वाटेनाशी झाली, आणि आता हे असंच सावकाश संपू द्यावं, आपण फक्त हात धरून बसावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"फ्रेडा."

ती जागच्या जागी गोठली. क्लेमेंटचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हललेही नसतील, इतके थोडे हलले होते. पण आवाज त्याचा होता. आजारातला, अदबीचा नव्हे, त्याच्याही आधीचा, बागेतून मातीचे हात घेऊन आत येताना तो मारायचा ती हाक, पहिल्या अक्षराआधी हसू दाबल्यासारखा एक बारीकसा श्वास आणि शेवट जरासा वर चढलेला. सात महिने ती कानांत प्राण आणून हीच हाक ऐकायची वाट पाहत होती.

"क्लेमेंट?" ती म्हणाली. "क्लेमेंट, मी इथंय. माझ्याकडे बघ. डोळे उघड ना."

डोळे उघडले नाहीत. तिच्या हातातला हात तसाच सैल, गार पडत चाललेला होता. तिने तो दाबला. त्याने उलट दाबला नाही. हीटरची धग तिच्या पोटऱ्यांना लागत होती.

"फ्रेडा," पुन्हा हाक आली. तोच दाबलेल्या हसूचा श्वास, तोच चढ, पहिलीत होता तिथेच, तेवढाच. एका माणसाने दोनदा मारलेल्या हाका इतक्या सारख्या नसतात. आणि मग खोलीत शांतता झाली, लक्षपूर्वक थांबलेली, जणू हे लागू पडतं की नाही ते पाहिलं जात होतं.

फ्रेडाला सगळं कळलं. तिला आपण कुणापुढे बसलोय ते कळलं, मिटल्या डोळ्यांचा तो म्हातारा कोण आणि त्याच्या तोंडून बोलणारं कोण हे वेगळं वेगळं कळलं. उद्या शनिवार आहे आणि जूडिथ दारात उभी राहून हे ऐकेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तिने क्लेमेंटचा हात हलकेच त्याच्या मांडीवर ठेवला, त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, आणि हलक्या आवाजात, त्याच्या कानाशी, त्याची माफी मागितली. मग ती उठली. हीटर बंद केला. खिडकीची कडी निघेना, तिने दोन्ही हात लावून ती काढली. ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा गार वारा आत आला. न्हाणीघरात टाकलेला टॉवेल तिने उचलला, थंड पाण्याखाली धरला, पिळला, आणि त्याची मान पुढे वाकवून, जिथे अजून थोडंसं गुलाबी उरलं होतं तिथे, नीट, चारही कडा झाकल्या जातील असा, ठेवला.

तिसऱ्यांदा हाक आली, अगदी तश्शीच, आणि फ्रेडाने ओ दिली.